खालची रेघ

मास्तरांच्या दुरुस्तीच्या दुकानात एक नियम होता. यंत्रात दोष सापडला नाही, तर तसं तोंडानं सांगायचं नाही. गिऱ्हाइकाला टेबलासमोरच्या स्टुलावर बसवायचं, यंत्र त्याच्या डोळ्यांदेखत उघडायचं, जोडायचं आणि चालवून दाखवायचं. नुसतं "तुमचं यंत्र ठीक आहे" म्हटलं की माणूस मान हलवतो, यंत्र काखेत मारतो आणि थेट पुढच्या रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे जातो. तिथून तिसऱ्याकडे. त्याला वाटत राहतं, कुणीतरी एक भेटेल, जो म्हणेल की हो, बिघाड आहे, आणि तो निघेल.

"आशेवर ठेवलेलं गिऱ्हाईक म्हणजे उघडी ठेवलेली तार," मास्तर म्हणायचे. "आज ना उद्या कुणीतरी चिकटणारच."

हा नियम त्यांनी स्वतः केला, आयुष्यभर पाळला आणि जावयाच्या डोक्यात हातोडीनं ठोकावा तसा ठोकून बसवला. ते स्टूल टेबलाच्या त्या बाजूला, दाराजवळ असे. टेबलाच्या या बाजूला मास्तरांची खुर्ची. दोन्हींमध्ये हातभर अंतर. पण इतक्या वर्षांत मास्तर कधी त्या स्टुलावर टेकले नव्हते. तिथे बसायला काहीतरी बिघडलेलं घेऊन यावं लागायचं.

जावई आधी जावई नव्हता. तो या दुकानात काम शिकायला आला, शिकता शिकता मास्तरांच्या लेकीला दुरुस्त केलेला टेबललॅम्प घरी पोचवायला जाऊ लागला, आणि तो दिवा इतक्या वेळा बिघडला की शेवटी मास्तरांनीच विचारलं, बाबा रे, दिव्याला काय झालंय ते एकदाचं सांग. लग्नानंतरही त्याच्या तोंडातलं "मास्तर" काही सुटलं नाही. लेक चिडवायची, "सगळे सासऱ्याला घाबरतात, हे एकटेच अजून छडीला घाबरतात."

पेठेत मात्र त्याला सगळे "पाटीवाला" म्हणत. त्याच्या खिशात तळहातावर मावेल असा एक जुना संगणक असायचा. कुठल्याशा गोदामात माल मोजायला वापरून कंपनीनं मोडीत काढलेला. कडेला जाड रबर, काचेवर ओरखडे, लिहायची मूळ लेखणी हरवलेली, म्हणून तिच्या जागी स्वेटर विणायच्या सुईचा तुकडा. त्याला त्यानं काड्यापेटीएवढी एक डबी जोडली होती. डबीतून दोन तारा निघायच्या, एकीच्या टोकाला टोकदार सुई, दुसरीच्या टोकाला दातेरी चिमटा. आत स्वतः खटपट करून एक प्रोग्रॅम बसवला होता. सुई कुठल्याही यंत्राच्या पोटात टेकवली की तिथली विजेची चाल काचेवर रेघ होऊन धावायची. चांगल्या यंत्राची रेघ गुळगुळीत, आजारी यंत्राची कुठे कापलेली, कुठे दबलेली. शिडीवर चढून, लिफ्टच्या खोलीत वाकून, कुणाच्या पलंगाखाली आडवं पडूनसुद्धा त्याला बिघाड दिसायचा. मोठी तपासणी यंत्रं जिथे नेता येत नाहीत, तिथे ही पाटी जायची.

मास्तरांना ती डोळ्यांसमोर नको असायची. त्यांचं सगळं काम कानावर. हातभर लांबीची एक लाकडी काठी होती त्यांच्याकडे, वापरून वापरून काळी पडलेली. तिचं एक टोक यंत्रावर ठेवायचं, दुसरं कानाशी, आणि डोळे मिटायचे. गुंजन जाड आहे की बारीक, मध्ये कुठे खरखर येते का, चालू केल्या क्षणी कुठे टिचकी वाजते का. बघणाऱ्याला वाटावं, हे यंत्राचं गाऱ्हाणं ऐकून घेताहेत. मग डोळे उघडून ते बोट ठेवायचे, आणि बोट ठेवलेल्या जागीच बिघाड असायचा.

सुरुवातीला दोघांची पैज लागायची. यानं सुई टेकवून रेघ वाचेपर्यंत मास्तरांचं बोट पडलेलं असायचं. मग दोघं बरोबरीत येऊ लागले. मग पाटी जिंकू लागली. "कानामागून आली आणि तिखट झाली," मास्तर म्हणायचे आणि हसायचे. जावयाला तेव्हा वाटायचं, आपण शिकलो. हे त्याच्या ध्यानात यायला फार वेळ गेला, की तो जिंकत नव्हता, मास्तर हरत होते. त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं.

त्यांनी ते झाकायचा होईल तितका प्रयत्न केला. आधी रस्त्याच्या गोंगाटाला शिव्या घातल्या. मग काठीचं टोक कानाऐवजी दातांत धरू लागले, कारण दातांतून आवाज हाडानं आत जातो. एक दिवस लेक डबा घेऊन आली, तेव्हा ते काठी दातांत धरून, डोळे मिटून, एका रेडिओवर ओणवे झाले होते. रेडिओ चांगला मोठ्यानं बोलत होता. ती दारातच उभी राहिली. "बाबा, जेवा," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग डबा टेबलावर ठेवून निघून गेली.

दवाखान्यात कान तपासणाऱ्या बाईनं त्यांना एका बंद खोलीत बसवलं, डोक्याला पट्टा लावला, निरनिराळे आवाज सोडले आणि ऐकू आलं की बोट वर करायला सांगितलं. मास्तरांनी बोट बरेचदा वर केलं. आवाज सोडलेला नसतानाही केलं. मग तिघं बाईसमोर बसले. मास्तर मधे, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला जावई.

बाई सरळ होती. म्हणाली, "कानाचा पडदा वगैरे ठीक आहे. आतली नस गेली आहे आणि उरलेलीही जाणार. मशीन लावलं तर आवाज मोठा होईल, पण तो पुढे पोचायलाच हवा ना. मी देते, पण खोटी आशा लावू नका."

मास्तर या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

लेक त्यांच्या उजव्या कानाशी वाकली. तेव्हा त्या कानात थोडी धुगधुगी होती. "सवय व्हायला वेळ लागेल म्हणतायत," तिनं मोठ्यानं सांगितलं.

बाईनं लेकीकडे बघितलं, मग जावयाकडे. जावयानं खाली बघितलं. दगडाखाली हात सापडल्यासारखं झालं त्याला, पण हात त्यानं स्वतःच घातला होता. त्या क्षणी "नाही, असं म्हणत नाहीत त्या" एवढं म्हणायला त्याला काय झालं होतं? बायको म्हणाली होती म्हणून गप्प बसलो, असं तो पुढे स्वतःला सांगायचा. खरी गोष्ट अशी, की त्यालाही ते वाक्य हवं होतं.

कानामागे लावायचं ते यंत्र शेंगदाण्याएवढं. मास्तरांनी ते काही आठवडे इमानानं लावलं, आणि मग एका सकाळी काढून टेबलावर आपटलं.

"बिघडलेलं दिलंय. आवाज येतो, पण फाटका येतो. शब्द येतच नाही."

जावयानं ते उचलून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"त्या दवाखान्यातल्या पोरीला यंत्रातलं काय कळतंय? उघड तू. तुझ्या त्या पाटीवर घाल. बघू दे मला."

लेक तेव्हा दुकानातच होती, रिकामा डबा न्यायला आलेली. तिनं बापाच्या डोक्यावरून नवऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको, एवढंच. तिचे डोळे भरलेले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आणि तिथे जावयानं ते केलं, जे दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाला सुचलं नसतं. त्यानं यंत्र उघडलं, सुई आतल्या तारेला टेकवली आणि चिमटा मुद्दाम सैल लावला.

काचेवर दोन रेघा आल्या. वरची रेघ पाटीच्या स्वतःच्या माईकची, म्हणजे खोलीत जो आवाज असेल त्याची. खालची रेघ त्या इवल्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या आवाजाची. यंत्र चांगलं असेल तर वर जे उमटेल तेच खाली, मोठं होऊन, उमटायला हवं. जावयानं टाळी वाजवली. वर रेघ उसळली. खाली तुटक तुटक काहीतरी फडफडलं आणि विझलं.

मास्तरांचा चेहरा असा उजळला, की जावयानं नजर काचेवर खिळवली. "बघ," ते म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी? बिघाड आहे. बिघाडच आहे!" बिघाड सापडल्याचा इतका आनंद त्या दुकानात कुठल्या गिऱ्हाइकाला झाला नसेल.

त्यानं यंत्र पुसलं, आतला एक सांधा उगाच पुन्हा जोडला, बंद करून दिलं. मास्तरांनी ते कानामागे बसवलं, मान तिरकी करून ऐकलं. "आता जरा बरं आहे," ते म्हणाले. बरं काहीच नव्हतं. पण लेक हसली, जावई हसला, आणि त्या दिवसापासून तिघं एकमेकांशी खोटं वागू लागले. कोण कुणाला फसवतंय हे कुणालाच नीट कळेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ झाकायला तीन हात लागत होते.

यंत्र "दुरुस्त" झालं, तेव्हा मास्तरांनी काम परत हातात घेतलं. घेणारच. ज्याचं औजार नीट झालं तो गप्प कशाला बसेल? ते काठी लावून ऐकायचे, बोट ठेवायचे, आणि तो भाग बदलायचे. ते घरी गेले की जावई तेच यंत्र पाटीवर घालायचा, खरा बिघाड शोधायचा, मास्तरांनी बदललेला चांगला भाग परत बसवायचा. सकाळी गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तरांच्या हाताला तोड नाही. मास्तर ओठांवरून तेवढं वाक्य नीट वाचायचे.

मग जवळच्या सभागृहाचा रखवालदार भाषणाचा भोंगा आणि त्याची आवाज वाढवायची पेटी घेऊन आला. संध्याकाळी कसलीशी सभा होती. आवाज येत नाही, म्हणाला. जावई एका जुन्या इमारतीत लिफ्ट बघायला गेला होता. मास्तर एकटे होते. पेटीत एका तारेला जळका वास येत होता, ती त्यांनी बदलली. काम चोख होतं. मग भोंगा दाराशी ठेवला, माईक टेबलावर, भोंग्याच्या तोंडासमोरच, आणि बटण दाबलं.

माईक भोंग्यासमोर ठेवू नये हे दुकानात आलेल्या पहिल्याच दिवशी शिकवतात. भोंग्यातला आवाज माईकमध्ये जातो, माईकमधला भोंग्यात, आणि दोघं मिळून किंचाळायला लागतात. मास्तर हे विसरले नव्हते. पण किंचाळी ऐकू आली की माणूस माईक बाजूला करतो. ती ऐकूच आली नाही तर? मास्तरांना वाटलं, पेटी अजून मुकीच आहे. त्यांनी आवाजाची कळ थोडी पुढे फिरवली. कान लावून थांबले. आणखी फिरवली.

जावई परत येत होता. पेठेच्या तोंडाशीच त्याला ती किंचाळी ऐकू आली आणि तो पळत सुटला. दुकानासमोर माणसं कानांवर हात ठेवून उभी होती. समोरचा शिंपी शिवणयंत्र सोडून दारात आला होता, दोन्ही कानांत बोटं, तोंड उघडं, काहीतरी ओरडत होता. एक बाई मुलाला पोटाशी धरून भिंतीला चिकटली होती. आणि आत मास्तर, मान तिरकी करून, चेहऱ्यावर तेच लक्षपूर्वक ऐकतानाचं मंद हसू, कळ आणखी पुढे फिरवत होते.

भोंग्याचा पडदा फाटला. त्या आवाजानंही ते हलले नाहीत. त्यांनी डोळे उघडले ते कळ शेवटपर्यंत गेली म्हणून. समोर त्यांना शिंपी दिसला. मग त्याच्या कानातली बोटं. मग बाकीची माणसं, सगळ्यांचे हात कानांवर. मास्तरांनी एकेकाकडे बघितलं, घाई न करता, आणि बटण बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बिघाड डोळ्यांनी शोधला होता.

जावई पुढे होऊन काहीबाही बोलू लागला. चूक माझीच, माईक मीच तिथे ठेवून गेलो होतो वगैरे. शिंपी भला माणूस, म्हणाला, "होतं असं, होतं." रखवालदाराला दुसरा भोंगा दिला. मास्तर काठी काखेत मारून घरी गेले. कानामागचं यंत्र त्यांनी रस्त्यातच काढून खिशात टाकलेलं जावयानं बघितलं.

त्या रात्री नवराबायकोत बोलणं झालं नाही असं नाही. "सांगून टाकूया," तो म्हणाला. "सोनारानंच कान टोचावेत. त्या बाईकडे पुन्हा नेऊ, ती लिहून देईल."

"आणि मग?" लेक म्हणाली. "मग रोज सकाळी उठून जायचं कुठे त्यांनी? तुम्ही सांगा, जायचं कुठे?"

त्यानं दिवा मालवला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आले. जावयानं सवयीनं खुर्ची सोडली आणि बाजूला झाला. पण मास्तर टेबलाला वळसा घालून आत आलेच नाहीत. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. गुडघे जुळवून, हात मांडीवर, कुठलंही नवं गिऱ्हाईक बसतं तसे. मग त्यांनी खिशातून ते शेंगदाण्याएवढं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि बोटानं जावयाकडे सरकवलं.

"दाखव," ते म्हणाले.

जावई उभाच राहिला.

"नियम आहे ना दुकानाचा? दाखव."

त्यानं यंत्र उघडलं. खिशातून पाटी काढली, सुरू केली. सुई टेकवली. चिमटा लावायला घेतला, तेव्हा मास्तरांनी हात पुढे केला आणि चिमटा त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतला. स्वतः लावला. लावून झाल्यावर चिमटीत धरून हलकेच ओढून बघितला. पक्का होता. जावयाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्याला कळलं की मास्तरांना कळलंय.

मास्तरांनी टाळी वाजवली. वरची रेघ उसळली, आणि खालची तिच्या दुप्पट उसळली. त्यांनी टेबलावर टिचकी मारली. वर बारीक काटा, खाली मोठा काटा. त्यांनी यंत्राच्या माईकवर अंगठा दाबला आणि दुसऱ्या हातानं टिचकी मारली. वर काटा आला, खाली सपाट. अंगठा काढला, पुन्हा टिचकी, खाली काटा परत. जुन्या कारागिराला सगळ्या पळवाटा ठाऊक असतात, आणि त्यानं त्या एकेक करून बंद केल्या. पाटी काहीतरी आधी भरून ठेवलेलं दाखवत नव्हती. जे होतं तेच दाखवत होती.

"बोल काहीतरी," मास्तर म्हणाले. त्यांची नजर काचेवरच होती.

"काय बोलू, मास्तर?" जावई म्हणाला. वर ती सहा-सात अक्षरं उमटली. खाली तीच, ठसठशीत.

मग जावई गप्प झाला. दोन्ही रेघा निजल्या. आणि जरा वेळानं त्या आपोआप हलल्या.

मास्तरांनी नजर उचलून जावयाच्या ओठांकडे बघितलं. ओठ मिटलेले होते. पुन्हा काचेकडे बघितलं. रेघ पुन्हा हलली.

"तू बोलत नाहीयेस," ते म्हणाले, "आणि रेघ हलतेय. कोण आलंय?"

ते वळले. दारात लेक उभी होती, हातात चहाचा थर्मास. ती कधीची उभी होती कोण जाणे. "बाबा" म्हणाली होती, दोनदा.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. तिच्याकडे पाठ केली. ते पुन्हा काचेकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "बोल. काहीही बोल. थांबू नकोस."

एरवी ती समोर आली की ते तिचे ओठ वाचायचे, आणि अर्धंमुर्धं कळायचंही. आज त्यांना ओठ नको होते. लेकीनं नवऱ्याकडे बघितलं. तो काय सांगणार. मग ती बापाच्या पाठीशी बोलू लागली.

"बाबा, ती बाई तेव्हाच म्हणाली होती. नस गेलीय म्हणाली. मशीनचा उपयोग नाही म्हणाली. मी तुम्हाला वेगळंच सांगितलं. मला वाटलं, तुम्ही दुकानात यायचे बंद व्हाल. मला वाटलं, थोडे दिवस तरी. ह्यांचं काही चुकलं नाही, मी सांगितलं म्हणून ह्यांनी केलं. मला दुसरं काही सुचलं नाही हो, बाबा."

शेवटी तिचा आवाज चिरकला, आणि तो चिरकलेलाही खाली उमटला, हुबेहूब. खालची रेघ कुठे तुटली नाही, कुठे दबली नाही. तिच्या प्रत्येक शब्दाचं पोट, प्रत्येक श्वासाची बारीक खरखर, सगळं त्या शेंगदाण्यातून बाहेर येत होतं आणि काचेवरून धावत पलीकडे नाहीसं होत होतं. मास्तर एकटक बघत होते. जावयानं अनेक गिऱ्हाइकांचे चेहरे त्या स्टुलावर बघितले होते. इतक्या लक्षपूर्वक कुणी बघितलं नव्हतं.

लेक थांबली. रेघ सपाट झाली.

"स्वच्छ आहे," मास्तर म्हणाले. "एकदम स्वच्छ. कुठे तुटत नाही." आणि जरा थांबून, "चांगलं बोललीस तू. काय बोललीस ते काही कळलं नाही."

जावयानं लिहायचा तो विणायच्या सुईचा तुकडा उचलला. पाटीवर लिहिता यायचं, हल्ली नवराबायको मास्तरांना लिहूनच दाखवायचे. पण लिहायचं तर रेघांचा प्रोग्रॅम बंद करावा लागायचा. तो तुकडा हातात धरून तसाच राहिला.

"मागच्या वेळी खालची रेघ फडफडत होती," मास्तर म्हणाले. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "मी काल घरी जाऊन विचार केला. यंत्र तेच. पाटी तीच. फडफड कशानं?"

जावयानं त्यांच्याकडे बघितलं. बघवेना, तरी बघितलं.

"सैल चिमटा," मास्तरांनीच उत्तर दिलं.

जावयानं मान डोलावली.

"हे मी शिकवलं नव्हतं," ते म्हणाले. त्यांनी पाटी उचलली, उलटी करून मागची बाजू बघितली, तिच्या कडेचं रबर अंगठ्यानं दाबून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती हातात धरली होती. "औजार चांगलं आहे. खोटं बोलत नाही. उगाच नावं ठेवली मी त्याला." मग त्यांनी चिमटा काढला, सुई काढली, यंत्र मिटलं आणि जावयापुढे ठेवलं. "दोष नाही. मग आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो?"

जावयानं यंत्र हातात घेतलं.

"घरची तार तपासा, असं सांगतो," मास्तर म्हणाले आणि बोटानं कानशिलावर हलकेच ठोठावलं. "घरची तार गेली."

लेक थर्मास टेबलावर ठेवून त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला, तिचीच समजूत काढत असल्यासारखा. चहा प्याले. म्हणाले, साखर कमी आहे. सगळे बरे आहेत असं वाटावं, इतकं ते साधं होतं. जावयाला त्या घटकेला वाटलंही, की बरं झालं, ओझं उतरलं, आता उद्यापासून मास्तर खुर्चीवर बसतील, डोळ्यांनी काम करतील, पाटी शिकतील. मनात त्यानं त्यांना शिकवायलाही सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर वेळेवर आले. जावयानं खुर्ची पुसून ठेवली होती, पाटी टेबलावर त्यांच्या बाजूला ठेवली होती. मास्तर स्टुलावर बसले.

त्यानं खुर्चीकडे हात केला. त्यांनी मान हलवली. त्यानं पाटीवर लिहून दाखवलं, 'या ना इकडे.' त्यांनी वाचलं, हसले, पाटी परत दिली. त्यानं त्यांच्यापुढे एक उघडलेला रेडिओ ठेवला, सुई त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली, त्याचा मान राखायला म्हणून रेडिओच्या पोटात एके ठिकाणी टेकवली, रेघ आली तिच्याकडे बघितलं, आणि सुई खाली ठेवली. यंत्रं त्यांना आता दिसत होती. पण दिसण्यासाठी त्यांनी ती कधी उघडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी जावयानं खुर्ची पुसली नाही. तिच्यावर एक जड पेटी आली, मग दुसरी. लाकडी काठी त्याला खिडकीत सापडली. खिडकीची फळी पडू नये म्हणून मास्तरांनी ती टेकू म्हणून लावली होती. ती काढून जागेवर ठेवावी असं त्याला वाटलं. पण मग फळी पडली असती.

आता मास्तर रोज येतात. घरून निघायची वेळ तीच, दार उघडायची वेळ तीच. दाराजवळच्या स्टुलावर गुडघे जुळवून बसतात आणि रस्त्याकडे बघतात. समोरचा शिंपी हात हलवतो, ते हात हलवतात. गिऱ्हाईक आलं की ते सरकून जागा देतात, आणि गिऱ्हाईक उभ्यानंच आपलं गाऱ्हाणं सांगतं, कारण म्हाताऱ्या माणसाला कोण उठवणार.

परवा एक नवी बाई आली, पेठेत नव्यानं राहायला आलेली. हातात बंद पडलेला रेडिओ. मास्तरांना स्टुलावर बसलेलं बघून ती अदबीनं थांबली.

"काका, तुमचा नंबर आधी आहे ना?" तिनं विचारलं.

मास्तर रस्त्याकडे बघत होते. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मग ती गोंधळून टेबलाकडे वळली.

जावयानं पाटी खिशातून काढली, सुरू केली आणि रेडिओसाठी हात पुढे केला.

"या तुम्ही," तो म्हणाला. "त्यांचं तपासून झालंय."